माहेरच्या बाजूची चकती

फोरबर्ग, ८ फेब्रुवारी २०१५

संध्याताई,

वर 'साष्टांग नमस्कार' लिहिलेला नाही, तो राहून गेला असं समजू नकोस. छत्तीस वर्षांत आई गेल्याची तार आणि बाबा गेल्याचं पोस्टकार्ड यापलीकडे आपल्यात काही झालं नाही, त्यामुळे नमस्काराची सवय मोडली आहे. परवा फोन केला. माझा आवाज ऐकलास आणि ठेवलास. पत्र निदान फाडण्यासाठी तरी हातात धरावं लागतं.

काल तुझी लेक शिवांगी नायमेखनहून आली होती. सात वर्षांपूर्वी इकडे हॉलंडला, डेल्फ्टला शिकायला आली, तेव्हा तू तिला म्हणाली होतीस म्हणे, "तिथे माझी एक बहीण असते, तिच्याकडे जाऊ नकोस." दुसऱ्याच रविवारी सायकल हाणत माझ्या दारात हजर. तेव्हापासून ती येते, माझ्या हातचं थालीपीठ खाते, आणि निघताना सांगते, "मावशी, आईला सांगू नकोस हं." जसं काही मी तुला रोज सांगत असते.

काल मात्र तिने थालीपिठाला हात लावला नाही. सोळा मेला लग्न ठरलं आहे, हे तुला ठाऊक आहे. खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, जाऊन सह्या करायच्या, आणि दुपारी इथल्याच एका हॉलमध्ये तुमच्या तेलुगू पद्धतीने विधी. मुलगा योरिस. भला आहे, उंच आहे, तिच्याच कंपनीत चिपांचं काहीतरी करतो. आणि तू तिला सांगितलंस की तू येणार नाहीस आणि माहेरची चकतीही देणार नाहीस. कारण मुलगा परका.

परका! ताई, हा शब्द तू वापरावास? पुण्याच्या ब्राह्मणाच्या पोरीने राजमहेंद्रीच्या सूर्यनारायणरावांशी लग्न केलं, तेव्हा बाबा हाच शब्द घरभर घेऊन फिरत होते. तू त्यांच्याकडून दुसरं काही घेतलं नाहीस, हे बरोबर जपून ठेवलंस.

शिवांगीने मला सगळं समजावलं, जणू मला काही ठाऊकच नाही. "मावशी, आमच्या मंगळसूत्रात दोन पुस्तेलु असतात, छोट्या गोल डिस्क्स. एक त्यांच्या घरची, एक आपल्या घरची. आपल्या घरची आली नाही तर इट्स लाइक, माझ्या घराने मला पाठवलंच नाही." आपल्या मराठी मंगळसूत्रातही दोन वाट्या सासर-माहेरच्या मानतात, पण त्या सासरचीच माणसं सोनाराकडून एकदम आणतात आणि एकीला माहेराचं नाव देतात. तुमच्याकडे हे चालत नाही. माहेरची माहेराहूनच यावी लागते. म्हणजे तुझ्या हातून.

तू तिला काय म्हणालीस, तेही तिने सांगितलं. "माझ्या माहेराने मला काही दिलं नाही, मी जगले. तूही जगशील." वा. साठीला आलेल्या बाईने पोरीला द्यायचा हा आशीर्वाद!

चकती पाठव. तू नाही आलीस तरी चालेल.

उत्तरा


फोरबर्ग, १ मार्च २०१५

संध्याताई,

तुझं पार्सल पोचलं. शिवांगीच्या ऑफिसातली मीनल सुट्टीहून परतताना ते पोटाशी धरून घेऊन आली. बिचारी म्हणाली, "काकू, मी विमानात बाथरूमलासुद्धा डबा घेऊन गेले." डबा माझ्या जेवणाच्या टेबलावर उघडला. माझे यजमान नीळकंठ वर्तमानपत्र टाकून उठून आले. निवृत्त झाल्यापासून ते दुसऱ्या कशासाठी उठलेले मी पाहिले नाहीत.

सगळं आहे. सासूबाईंचा कमरपट्टा, तो वड्डाणम. दंडावरच्या वाकड्या वंक्या. वेणीवर वरपासून खालपर्यंत लावायची ती सोन्याची रांग, वर नाग, खाली गोंडे. भांगाच्या एका बाजूला लावायचा सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्र. आणि कासुलपेरु, ती नाण्यांची माळ, एकेका नाण्यावर लक्ष्मी बसलेली. सगळं आहे, आणि चकती नाही. चिठ्ठीत लिहिलंस, "हे सगळं तिचंच आहे. ते एक मी देणार नाही."

म्हणजे देवळातल्या मूर्तीवर घालावं तसं पोरीला मढवायचं आणि मंडपात उभं करायचं. हे दागिने मूळचे देवाचेच ना? आधी मूर्तीवर, मग देवळात नाचणाऱ्या बायकांच्या वेणीवर, मग नवऱ्या मुलींच्या. तुझ्या सासूबाईंनीच ते मला सांगितलं होतं, तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, मोडक्या हिंदीत आणि मोठ्या कौतुकाने. मी तेव्हा बावीस वर्षांची, कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली, इंग्रजीत बी. ए. मी मनात म्हटलं, एवढं सोनं अंगावर घेऊन ही बाई चालते कशी. आमच्या सिस्टर फिलोमिना म्हणायच्या की कानात मोत्याहून जास्त काही घालणं हे अशिक्षितपणाचं लक्षण. मी त्यांचं ऐकून आयुष्यभर मोतीच घातले.

शिवांगीने कमरपट्टा बांधून पाहिला. तिला सैल होतो. माझ्या खिडकीपाशी उभी राहून म्हणाली, "मावशी, आजीचा हा इतका जड आहे, आणि ती केवढीशी डिस्क असते ना? अर्धा ग्रॅम?" मग कमरपट्टा सोडला, घडी करून डब्यात ठेवला आणि म्हणाली, "हे सगळं परत पाठवू या का?"

मी नको म्हटलं. मला वाटलं, तुला लाज वाटायला थोडा वेळ द्यावा. तू काही तशी लवकर लाजणारी नाहीस, पण तरी.

उत्तरा


फोरबर्ग, २२ मार्च २०१५

संध्याताई,

तीन आठवडे झाले, लाज काही पोचलेली दिसत नाही.

आज योरिसचे वडील जेवायला आले होते. नाव विम. इतिहासाचे निवृत्त शिक्षक, अगदी आपल्या बाबांसारखे, फक्त हे ऐकतातही. शिवांगीने त्यांना दागिने दाखवले. त्यांनी चष्मा बदलून कासुलपेरु हातात घेतला आणि आम्हांला व्याख्यान दिलं. तुमच्या किनाऱ्यावर रोमन लोकांची सोन्याची नाणी सापडतात, नाण्यांची माळ घालण्याची हौस तितकी जुनी असावी. मग मछलीपट्टणला डच कंपनीची वखार होती, तिथून छापील कापड इकडे यायचं आणि इकडून सोनं-चांदी तिकडे जायचं. "कोण जाणे," ते म्हणाले, "तुमच्या कुणा पणजीच्या माळेत आमचंही एखादं नाणं वितळलं असेल."

मी म्हटलं, "असेल. आणि तुमच्या पणजीच्या पडद्यात आमचं कापड."

ते मोठ्याने हसले. मी काही विनोद केला नव्हता.

मग म्हणाले की अमरावतीच्या जुन्या शिल्पांत बायकांच्या कमरेला अगदी असाच पट्टा कोरलेला आहे, सातवाहनांच्या काळातला. ताई, माझा घास हातातच राहिला. सातवाहन! बाबा दर वर्षी आठवीच्या वर्गाला तेच शिकवायचे ना? इकडे पैठण, तिकडे अमरावती, एकच राज्य, एकाच राजाची मराठी आणि तेलुगू प्रजा. फळ्यावर नकाशा काढून गोदावरी निळ्या खडूने रंगवायचे, उगमापासून थेट समुद्रापर्यंत. आपण दोघी घरी त्यांच्या वह्या तपासायला बसायचो आणि तू समुद्राच्या जागी मासा काढायचीस. त्याच माणसाने तुझं पत्र टराटरा फाडलं, कारण मुलगा गोदावरीच्या दुसऱ्या टोकाचा होता. दोन हजार वर्षांचं मुलांना शिकवलं आणि स्वतः पन्नास वर्षांपलीकडचं काही शिकले नाहीत. मला त्यांची कीव येत नाही. तुझीही येत नाही.

आता मुद्द्याचं. विमने विचारलं, "यातलं लग्न लावायचं ते कोणतं?" शिवांगीने सांगितलं की ते यात नाही, आणि का नाही तेही सांगितलं. त्यांनी हातातली माळ डब्यात ठेवली. मग अतिशय मायेने म्हणाले, "अडचण काय आहे? आम्ही दोन्ही करून घेऊ. डेल्फ्टला माझ्या ओळखीचा सोनार आहे."

योरिस म्हणाला, "प्रॅक्टिकल."

शिवांगी माझ्याकडे पाहत होती. ती तुझ्याकडे पाहत नव्हती, कारण तू नव्हतीस. मला म्हणाली, "आईचंही असंच झालं होतं ना? दुसरी तिच्या अत्तम्मांनी, सासूबाईंनीच दिली. म्हणून ती कधीच मंगळसूत्र बाहेर काढत नाही, ब्लाउजच्या आत ठेवते." मग म्हणाली, "मावशी, तू देशील? तू पण माझ्या आईच्या घरचीच आहेस."

मी 'हो' म्हणाले नाही. म्हणाले, "बघू," आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली. मी का दिली नाही, ते तुला वाटतं तसं नाही.

तू दे, ताई. सासरच्या दयेची चकती गळ्यात घालून फिरणं काय असतं हे तुला माहीत आहे, आणि तरी तू पोरीला त्याच ओळीत उभी करते आहेस. याला मी तरी क्रूरपणाच म्हणते.

उत्तरा


फोरबर्ग, ५ एप्रिल २०१५

ताई,

आज ईस्टर. शेजारच्या बाईंनी चॉकलेटची अंडी दिली, ती टेबलावर तशीच आहेत. शिवांगीने काल फोन करून सांगितलं की डेल्फ्टच्या सोनाराला दोन्हींचा नमुना पाठवला. आवाज अगदी शांत होता. तू असा आवाज काढायचीस, बाबा रागावले की.

मागच्या पत्रांत मी तुला बरंच सुनावलं. ते सगळं मी परत घेत नाही. पण तू ज्या वाक्यावर अडून बसली आहेस, "माझ्या माहेराने मला काही दिलं नाही", ते खरं नाही. आणि ते खरं नाही हे जगात मला एकटीलाच माहीत आहे.

तुझ्या लग्नाला बाबांनी मला पाठवलं ते निरोप द्यायला: आमच्याकडून काही येणार नाही. तो मी दिला. तुझ्या सासूबाईंसमोर, सगळ्या बायकांसमोर, इंग्रजीत दिला, कारण तसा तो जास्त सुसंस्कृत वाटेल असं मला वाटलं. पण निघायच्या सकाळी आईने मला स्वयंपाकघरात ओढलं होतं आणि हातात रुमाल कोंबला होता. बाबांनी फाडण्याआधी तिने तुझं पत्र वाचलं होतं. एक चकती आपल्याकडून लागते, एवढं तिला कळलं होतं. कशी लागते ते कळलं नव्हतं. रविवार पेठेतल्या आपल्या सोनाराने पुस्तेलु जन्मात पाहिले नव्हते. त्याने आणि आईने मिळून डोकं लढवलं आणि आपल्या मंगळसूत्रातली असते तशी खोल वाटी घडवली. एकच. "संध्याच्या गळ्यात घाल म्हणावं," ती म्हणाली, "आणि तिच्या सासूबाईंना सांग, घाईत झालं, गोड मानून घ्या."

राजमहेंद्रीला मी ती वाटी बाहेर काढलीच नाही.

आदल्या दिवशी तुझ्या सासूबाईंनी मला त्यांची चकती दाखवली. पसरट, मध्ये टिंब असलेली. आपली वाटी त्या जागी कशी दिसेल, ते मी मनात पाहिलं. मग त्या सगळ्या बायका पाहिल्या, कमरेला पट्टे, दंडात वंक्या, आणि मला वाटलं की मी भातुकलीतलं भांडं घेऊन आले आहे. हसतील, असं वाटलं. यांना साधं एवढंही ठाऊक नाही, असं म्हणतील. माझ्या आईला, जी पुण्यात कुणालाही आपल्याला कमी लेखू देत नसे, त्या बायका खेडवळ म्हणतील. ते मला सहन झालं नसतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला माझीच लाज वाटत होती. दोन निरोप घेऊन मी निघाले होते, एक पोचवला.

परतताना गाडी गोदावरीच्या पुलावर आली तेव्हा डब्यातले सगळे खिडकीतून नाणी टाकायला लागले. मी रुमाल उघडला आणि वाटी टाकली. शेजारच्या बाईने हात जोडले.

घरी आले तर आई दारातच. "आवडली का गं तिला?" मी म्हटलं, "लगेच गळ्यात घातली."

यापुढचं लिहायला मला तीन दिवस लागले. आई तुझ्या पत्राची वाट पाहत राहिली, ताई. पोस्टमनची वेळ झाली की तिला व्हरांड्यात काहीतरी काम निघायचं. चार वर्षं. शेवटच्या आजारात एकदा म्हणाली, "संध्याने एक ओळ लिहिली असती, तर काय बिघडलं असतं?" मी तिच्या पायांना तेल लावत होते. लावत राहिले.

म्हणजे तू समजलीस की आईने तुला टाकलं, आणि आई समजली की तू तिला. आणि मी मध्ये बसून दोघींना नावं ठेवली.

मी शिवांगीला चकती दिली नाही, ती यासाठी. ज्या हाताने आईची चकती नदीत टाकली, तो हात माहेर म्हणून पुढे करायचा? एवढी निर्लज्ज अजून झालेली नाही.

तू मला काय म्हणशील ते म्हण. पण सोळा मेला तुझ्या मुलीच्या गळ्यात जे पडेल ते तुझ्या त्या वाक्यावर ठरू देऊ नकोस. ते वाक्य माझं आहे, तुझं नाही.

उत्तरा


फोरबर्ग, १९ मे २०१५

ताई,

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. व्हिसाच्या कागदांवर तू शिवांगीचं नाव घातलंस, राहायला लायडस्खेनडामचं हॉटेल घेतलंस, माझ्या घरापासून ट्रामने दहा मिनिटांवर, आणि पाच दिवसांत एकदाही आली नाहीस. बरोबर केलंस. मी घर झाडून ठेवलं होतं, पण ते मी एरवीही करते.

हॉलमध्ये मी मागून तिसऱ्या रांगेत बसले होते. आइंडहोव्हनचे ते भटजी, एरवी कंपनीत चिपांची तपासणी करणारे, त्यांनी आधी तेलुगूत, मग इंग्रजीत विचारलं, "ब्राइड्स साइड?" विमच्या खिशात दोन्ही तयार होत्या, मला माहीत होतं. तू उठलीस. पदराच्या टोकाची गाठ सोडलीस आणि आतली चकती भटजींपुढे धरलीस. शिवांगीने तोपर्यंत मान खाली घातली होती; तिने ती वर केली, आणि तिचं तोंड अगदी चार वर्षांच्या पोरीसारखं झालं. कमरपट्टा सैल होता तो तिने पिना लावून बसवला होता. रडताना एक पिन सुटली आणि योरिसने एका हाताने पट्टा धरून दुसऱ्या हाताने मंगळसूत्राच्या गाठी मारायचा प्रयत्न केला. सगळे हसले. तूही हसलीस. तुला हसताना मी छत्तीस वर्षांनी पाहिलं. तुझा तो एक दात अजून पुढेच आहे.

जेवणाच्या वेळी विमने माझ्याकडे बोट करून तुला विचारलं, "आणि या तुमच्या बहीण ना?" तू म्हणालीस, "शिवांगीच्या ओळखीच्या आहेत." मी पुढे होऊन त्यांना मठ्ठा वाढला.

काल स्खिपोल विमानतळावर शिवांगीनेच मला बळेबळे आणलं. आपण दोघी त्या पिवळ्या पाट्यांखाली उभ्या होतो, ती तुझी बॅग तोलायला गेली होती. तू माझ्याकडे न पाहता विचारलंस, "केवढी होती?"

मला लगेच कळलं. मी करंगळीचं नख दाखवलं. म्हटलं, "एवढीशी."

तू त्या नखाकडे बराच वेळ पाहिलंस. मग म्हणालीस, "हं," आणि ट्रॉली ढकलत गेलीस.

आज सकाळपासून मला दुसरं काही सुचलेलं नाही. ताई, ती एवढीशी नव्हती. लग्नाच्या महिनाभर आधी आईने हातातली एक पाटली मोडली होती, आणि बाबांना सांगितलं होतं की नळावर हरवली. बाबा दोन दिवस तिच्यावर ओरडत होते. चांगली अधेलीएवढी, आठ आण्यांच्या नाण्याएवढी होती वाटी, जड होती, रुमालातसुद्धा हाताला लागायची. तू समोर उभी राहून विचारलंस, आणि तरी मी ती लहान करूनच दाखवली.

अधेलीएवढी होती.

उत्तरा